रेबेका रूबेन आपल्या कोण लागतात?

मागच्या उन्हाळ्यात मुकुंदनगरातल्या एका अभ्यासिकेत दहावी-बारावीच्या मुलामुलींशी बोलायला गेलो होतो. विषय होता ‘समाजाचं नेतृत्व’. फळ्यावर नावं लिहायला सांगितली. सर सय्यद आले, मौलाना आझाद आले, बद्रुद्दीन तय्यबजी आले, एका मुलीने हमीद दलवाईंचं नाव सांगितलं तेव्हा मागच्या बाकावर जरा कुजबुज झाली. शेवटी मी एक नाव लिहिलं : रेबेका रूबेन. कुणीच ऐकलेलं नव्हतं. म्हटलं, मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातल्या बाई, मुंबईत माझगावला एक शाळा अठ्ठावीस वर्षं चालवली.

बारावीतला एक मुलगा उठून उभा राहिला. “सर, गाझात काय चाललंय ते तुम्ही बघता ना? आणि आम्ही ज्यू बाईकडून शिकायचं?”

त्याचा राग खोटा नव्हता आणि तो दाबून टाकावा असंही मला वाटलं नाही. मी एवढंच विचारलं, “देशात कुठेही स्फोट झाला की दुसऱ्या दिवशी तुझ्या अब्बांना दुकानात गिऱ्हाईक कसं बघतं?” तो म्हणाला, “माहितीये मला.” मग म्हटलं, “तुझे अब्बा तेव्हा मनात काय म्हणतात? मी काय केलंय, असंच ना? या बाईंनाही तेच म्हणता आलं असतं. त्या 1957 साली गेल्या, आणि आयुष्य त्यांनी पोरांना शिकवण्यात घालवलं.” त्याला हे पूर्ण पटलं असं नाही. पण त्याने पुढचा प्रश्न विचारला, आणि तो खरा प्रश्न होता. “बरं, मग त्यांनी नेमकं केलं काय?”

त्या दिवशी वेळ संपली आणि उत्तर अर्धवट राहिलं. ते इथे पुरं करतो.

आधी हे लोक कोण, ते सांगायला हवं, कारण आपल्या पिढीला ज्यू म्हटलं की फक्त टीव्हीवरचा नकाशा आठवतो. कोकणात अलिबाग, नवगाव, रेवदंडा या पट्ट्यात शेकडो वर्षांपासून एक समाज राहत होता. घाण्यावर तेल गाळायचा आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचा, म्हणून गावाने त्यांना नाव दिलं ‘शनिवार तेली’. मुलग्यांची सुंता करायचे, मराठी बोलायचे, गावावरून आडनावं लावायचे : नवगावकर, दिवेकर, किहीमकर, राजपूरकर. स्वतःला म्हणवायचे बेने इस्राएल. आपण कुरआनात ‘बनी इस्राईल’ वाचतो, तेच हे नाव. त्यांच्या प्रार्थनास्थळाला ते घरच्या बोलीत काय म्हणत ठाऊक आहे? मशीद. मुंबईत सॅम्युएल दिवेकरांनी 1796 साली पहिलं सिनेगॉग बांधलं, त्याला जुनी मशीद म्हणतात, आणि मस्जिद बंदर स्टेशनाच्या नावामागे तीच मशीद असल्याचं सांगितलं जातं. हे दिवेकर इंग्रजांच्या पलटणीत होते आणि टिपू सुलतानच्या कैदेत सापडले होते. त्यांच्या समाजात अशी आख्यायिका आहे की हा बनी इस्राईलपैकी आहे, कुरआनात यांचा उल्लेख येतो, असं म्हणून टिपूच्या आईने त्यांचा जीव वाचवला. घडलं असेल-नसेल, पण आपल्याविषयी अशी गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या जपणारा समाज आपल्याला परका कसा, हे मला कळत नाही.

आणि नगरकरांनी तर हे परकं म्हणूच नये. (कागदोपत्री आता अहिल्यानगर झालं, पण एसटीत बसताना आपण अजून नगरच म्हणतो.) चौल हे निजामशाहीचं बंदर होतं, म्हणजे त्या किनाऱ्याचा महसूल आपल्या या किल्ल्यात यायचा. एवढंच नाही. बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारात गोव्याहून एक पोर्तुगीज हकीम यायचा, गार्सिया द ओर्ता. लिस्बनच्या विद्यापीठात शिकवून 1534 मध्ये हिंदुस्थानात आलेला. त्याचं घराणं मूळचं ज्यू, जबरदस्तीने ख्रिस्ती केलेलं. इथल्या औषधी वनस्पतींवर त्याने लिहिलेला ग्रंथ 1563 साली गोव्यात छापला गेला, त्यात आपल्या निजामशहाचा उल्लेख मित्र म्हणून येतो. हा माणूस 1568 मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला गोव्याच्या धर्मन्यायालयाने गुपचूप ज्यू धर्म पाळल्याबद्दल जिवंत जाळलं, आणि 1580 मध्ये त्याचीही हाडं थडग्यातून उकरून जाळली. नगरच्या मुसलमान सुलतानाकडे ज्याला मानाने बोलावलं जायचं, त्याला त्याच्याच राजाच्या मुलखात मेल्यावरही सुटका नव्हती. किल्ल्याशी सेल्फी काढणाऱ्या पोरांना चांदबीबी माहीत असते, ही गोष्ट माहीत नसते.

आता मूळ मुद्द्याकडे. अठराव्या शतकाच्या मध्यापासून हे शनिवार तेली गावं सोडून मुंबईला येऊ लागले. पलटणीत, रेल्वेत, गोदीत, कारकुनीत शिरले. संख्या थोडी, पैसा बेताचा. त्यांच्या शेजारीच बगदादहून आलेले श्रीमंत ज्यू होते, ससून घराण्यासारखे, पण ते या काळ्यासावळ्या मराठी ज्यूंना बरोबरीचं मानायला तयार नसत. हेही ओळखीचं वाटतंय ना? आपल्याकडे अश्रफ आणि पसमांदा म्हणतात त्याच वळणाचं.

अशा समाजात हाइम सॅम्युएल किहीमकर नावाचा माणूस उभा राहिला आणि 1875 मध्ये त्याने मुंबईत आपल्या समाजाच्या मुलांसाठी एक शाळा काढली. हे साल लक्षात ठेवा. 1874 मध्ये तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम स्थापन केली होती. 1875 मध्येच सर सय्यद यांनी अलीगढला मदरसा सुरू केला, ज्याचं पुढे विद्यापीठ झालं. म्हणजे दोन वर्षांच्या आत तीन ठिकाणी, दोन अल्पसंख्य समाजांतल्या माणसांना एकच गोष्ट सुचली होती. नवं राज्य आलंय, नवी विद्या आलीय, आपण बाहेर राहिलो तर संपलो. किहीमकरांनी आपल्या समाजाचा इतिहासही लिहून ठेवला. 1897 मध्ये लिहून झालेला तो ग्रंथ छापला गेला 1937 साली, त्यांच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी. आपल्या गल्लीतल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी कोण लिहून घेतंय, हा प्रश्न मी दर वेळी विचारतो आणि दर वेळी तोच एक शांतपणा पसरतो.

रेबेका रूबेन पुढच्या पिढीतल्या. जन्म 1889, कारवारचा. शिक्षण पुण्याला, हुजूरपागेत. ही शाळा 1884 मध्ये न्यायमूर्ती रानडे, भांडारकर या मंडळींनी काढली, आणि त्यासाठी पुण्याच्या सनातन्यांच्या शिव्या खाल्ल्या. मुली इंग्रजी आणि गणित शिकल्या की घरं मोडतील, असं तेव्हा टिळकांसारखा माणूसही मानत होता. 1905 मध्ये मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेचा निकाल लागला. कराचीपासून कारवारपर्यंतची मुलं त्या परीक्षेला बसत. पहिला नंबर एका मुलीचा आला. तोपर्यंत असं कधी झालेलं नव्हतं. ती मुलगी रेबेका रूबेन.

मला इथे थोडं थांबावंसं वाटतं. काही हजारांच्या, तेल गाळणाऱ्या समाजातली मुलगी, हिंदू सुधारकांनी काढलेल्या शाळेत शिकून सगळ्या इलाख्यात पहिली येते. हे एकटीच्या हुशारीने होत नाही. कुणीतरी मुलींची शाळा काढलेली असावी लागते आणि कुणातरी बापाने शेजाऱ्यांचं न ऐकता मुलीला तिथे घातलेलं असावं लागतं. त्याच शाळेत त्याच सुमाराला आणखी एक बेने इस्राएल मुलगी शिकली, जेरुशा झिराड. ती डॉक्टर झाली, लंडनला जाऊन एम.डी. केलं, मुंबईच्या कामा हॉस्पिटलची प्रमुख झाली आणि 1966 मध्ये तिला पद्मश्री मिळाली. एका दाराने दोघी बाहेर पडल्या.

रूबेनबाई पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या, इंग्लंडला जाऊन शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं, हिब्रूचा अभ्यास केला. परत आल्यावर त्यांच्यासमोर रस्ते भरपूर होते. संस्थानिकांना अशा शिकलेल्या बाया हव्याच होत्या आणि पगारही बरे देत. त्यांनी काही वर्षं इतरत्र शिकवलंही. समाजाचं वार्षिकही त्यांनी काढलं, 1917 ते 1920 या वर्षांत. आणि मग 1922 मध्ये त्या किहीमकरांच्या शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या. त्या खुर्चीवरून उठल्या 1950 मध्ये.

मधल्या काळात शाळेला पैसा लागला तेव्हा तो मिळवला. सर एली कदूरी हे बगदादचे, हाँगकाँग आणि शांघायला व्यापार करणारे ज्यू. त्यांच्या देणगीतून शाळा उभी राहिली आणि तिला त्यांचं नाव मिळालं. बगदादी श्रीमंत आणि मराठी ज्यू यांच्यात दुरावा होता हे वर सांगितलं. तरी समाजाच्या कामासाठी ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे जाऊन मागायला लागतं, आणि नाव त्याचं लागलं तरी खपवून घ्यावं लागतं. आपल्याकडे उलट होतं. नाव कुणाचं लावायचं यावर बैठक मोडते आणि इमारत कागदावरच राहते. मी स्वतः अशा एका बैठकीला बसलो आहे. पाया खणायच्या आधी कोनशिलेवरून भांडण झालं, आणि त्या जागेत आता लग्नाच्या पंगती बसतात. कुठल्या मोहल्ल्यात ते सांगत नाही, कारण वाचणाऱ्या प्रत्येकाला ते आपल्याच मोहल्ल्यातलं वाटणार आहे.

तर, नेमकं केलं काय? अठ्ठावीस वर्षं रोज सकाळी शाळा उघडली. मोर्चे काढले नाहीत, निवडणूक लढवली नाही. त्यांच्या समाजात गट होते, भांडणं होती, दोन-दोन परिषदा एकमेकींच्या विरोधात भरत असत. एका बाजूला काँग्रेसच्या चळवळीत जावं म्हणणारे, दुसऱ्या बाजूला सरकारदरबारी राहू म्हणणारे. या सगळ्यातून दोन्ही गटांची पोरं त्यांच्याच वर्गात यायची. पुढाऱ्याचं काम हेच असतं असं मला वाटायला लागलंय : ज्याच्या दारात भांडणाऱ्या दोघांचीही मुलं येतात, तो पुढारी. सभा संपल्यावर ज्याच्या दाराला कुलूप असतं, तो नाही.

कुणी म्हणेल, एका शाळेच्या मुख्याध्यापिकेला इतकं मोठं करायचं कारण काय? मोठं उदाहरणही आहे. ज्युडा मॅग्नेस हा अमेरिकेतला ज्यू धर्मगुरू. न्यूयॉर्कमध्ये विखुरलेल्या ज्यू संस्थांना एकत्र आणणारी संघटना त्याने 1908 पासून चौदा वर्षं चालवली. जेरुसलेमचं हिब्रू विद्यापीठ 1925 मध्ये सुरू झालं तेव्हा तो त्याचा कुलपती झाला, 1935 पासून 1948 मध्ये मरेपर्यंत अध्यक्ष. या माणसाने आयुष्यभर सांगितलं की पॅलेस्टाइनात ज्यूंचं राज्य नको, अरब आणि ज्यू दोघांचं बरोबरीचं एक राज्य हवं. त्याच्याच लोकांनी त्याला भाबडा म्हटलं, काहींनी गद्दारही म्हटलं. तो हरला. त्याच्या सगळ्याच भूमिका आपल्याला पटायचं कारण नाही. तोही बाहेरून येऊन वसणाऱ्यांचाच नेता होता आणि ज्यांची जमीन जात होती त्या अरबांना त्याच्या सदिच्छेने फारसं काही मिळालं नाही. पण विद्यापीठाच्या सर्वोच्च खुर्चीवर बसून आपल्या समाजाला नको असलेलं सत्य बोलत राहणं, हे मला मुकुंदनगरच्या त्या मुलाला सांगायचं राहून गेलं होतं. ज्यू म्हणजे एकच आवाज, असं म्हणणाऱ्याने मॅग्नेसचं काय करायचं?

पण मॅग्नेसपेक्षा रूबेनबाई मला जवळच्या वाटतात, कारण त्यांच्या शाळेपुढचे प्रश्न आपले आहेत. भाषेचाच घ्या. बेने इस्राएलांची घरची भाषा मराठी, प्रार्थनेची हिब्रू, पोटाची इंग्रजी. या तिन्हींत त्यांनी भांडण लावलं नाही. जोसेफ राजपूरकर नावाच्या विद्वानाने हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या, म्हणजे म्हाताऱ्या बाईला आपण काय म्हणतोय ते कळावं. या समाजात हिब्रू धर्मग्रंथांतल्या कथांवर मराठीत कीर्तनं होत. नुसती कल्पना करा, हातात चिपळ्या आणि गोष्ट हजरत इब्राहीमची. आणि आपण? नगर जिल्ह्यात आपल्या घरात दखनी बोलली जाते, शाळेत कुठे उर्दू, कुठे मराठी. श्रीरामपूर-संगमनेरकडची आपली पोरं बाजारात अस्सल नगरी मराठी बोलतात, पण मराठीत अर्ज लिही म्हटलं की थबकतात. उर्दू ही मुसलमानाची आणि मराठी ही ‘त्यांची’, असं आपल्याच डोक्यात कुणीतरी बसवलंय. उर्दू सोडा असं मी म्हणत नाही. अरबीत नमाज, उर्दूत शेर आणि मराठीत तहसीलदाराशी भांडण, हे तिन्ही एका माणसाला यायला काय हरकत आहे?

मुलींचंही तसंच. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे धडे ज्या गावात गिरवले ते हे नगर. फॅरारबाईंची शाळा इथलीच. त्या गावात आज झेंडीगेट किंवा कोठल्यातली एखादी मुलगी दहावीला पंच्याऐंशी टक्के मिळवते, पेपरात फोटो येतो, सत्काराला शाल-श्रीफळ घेऊन नगरसेवक येतो, आणि जुलैत कळतं की कॉलेज लांब आहे म्हणून तिला घरी बसवलंय. सत्कार करणाऱ्यांपैकी एकानेही बसच्या पासाचं विचारलेलं नसतं. मला सत्कारांचा आता खरोखर कंटाळा आलाय. त्या पैशात पाच मुलींची रिक्षा वर्षभर लागते.

1948 नंतर बेने इस्राएलांपैकी बहुतेक जण इस्रायलला गेले. तिथे त्यांचं स्वागत फुलांनीच झालं असं नाही. तिथल्या धर्मगुरूंनी त्यांच्या ज्यू असण्यावरच शंका घेतली, लग्नांना आडकाठी केली. कोकणातून गेलेल्या या लोकांनी तिथे आंदोलन केलं, तेव्हा कुठे 1964 मध्ये तिथल्या सरकारने त्यांना पूर्ण ज्यू म्हणून मान्य केलं. ज्या देशाला आपलं मानून गेलात तिथेही आधी दाखला मागतात. ‘पाकिस्तानात जा’ असं ज्यांना ऐकवलं जातं त्यांनी हा अनुभव वाचावा. तिथे गेलेले लोक अजून ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक काढतात. इथे उरलेल्यांना महाराष्ट्र सरकारने 2016 मध्ये अल्पसंख्य दर्जा दिला. सगळ्या भारतात मिळून आता ते जेमतेम चार-पाच हजार असतील.

आणि त्यांच्या शाळा? समाज गेला, इमारती राहिल्या. भायखळ्याच्या सर जेकब ससून शाळेत आता जवळजवळ सगळी मुलं मुसलमानांची आहेत. कोलकात्याच्या ज्यूइश गर्ल्स स्कूलमध्येही तेच, तिथे मुलींच्या गणवेशावर दाऊदचा तारा असतो आणि डोक्यावर ओढणी.

परवा तो बारावीतला मुलगा पुन्हा भेटला, आता फर्स्ट इयरला आहे. अभ्यासिका बंद पडायच्या बेतात आहे म्हणाला, जागेचं भाडं थकलंय, संध्याकाळी सात ते नऊ उघडायला कुणी नसतं. मी विचारलं, किल्ली कुणाकडे आहे? म्हणाला, सध्या माझ्याकडेच.